भरतीचा हिशेब आणि बारावीचे गणित

आगरदांड्याच्या खाडीत भरती केव्हा, हे जुन्या तांडेलाला पंचांगातली तिथी सांगितली की कळते. तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. भरती रोज सरासरी ५० मिनिटे पुढे जाते. या रीतीत ४५ येतात. हिशेब स्थूल खरा, पण होडी लोटायला पुरेसा. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसांनी तो पिढ्यान्‌पिढ्या चालवला. तेव्हा किनाऱ्यावरच्या पोरांना गणिताचे डोके नाही, हे आम्ही मान्य करीत नाही.

इतिहासही तसे म्हणत नाही. केरो लक्ष्मण छत्रे याच किनाऱ्यावरचे, अलिबागेजवळच्या नागावचे. १८६० साली त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत दिली. लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजात त्यांच्याच हाताखाली गणित शिकले. त्याही आधी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘शून्यलब्धिगणित’ लिहिले. बाळशास्त्री १८४६ साली वारले. मुंबई विद्यापीठ निघाले १८५७ साली. म्हणजे आज बारावीत ज्याची धास्ती वाटते ते कलनाचे गणित विद्यापीठाच्या निदान ११ वर्षे आधी मराठीत आले होते.

पुढे उच्च शिक्षणाची वाट इंग्रजीतून गेली. १९७५ साली दहावीची नवी शालान्त परीक्षा सुरू झाली, आणि अकरावी-बारावी ही मधली पायरी ठरली. बीजगणित, भूमिती मराठीत शिकलेले मूल या पायरीवर येते, तो पुस्तक इंग्रजीत. निम्मे बळ शब्द उलगडण्यातच खर्ची पडते. मग कोणीतरी सल्ला देतो, “गणित सोड, टक्के वाढतील.”

या सल्ल्याची किंमत आम्ही कामगारांच्या घरांत पाहिली आहे. व्यापारी जहाजावर अधिकारी व्हायचे तर बारावीला पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित लागते. खलाशी व्हायला दहावी पुरते. जहाज एकच, समुद्र एकच. पण पगार वेगळा आणि हुकूम कोणी कोणाला द्यायचा तेही ठरलेले. ज्याच्या आजाला भरती तोंडपाठ होती, त्या पोराने दोर ओढावा आणि नकाशा दुसऱ्याने वाचावा, हा न्याय नव्हे.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. प्रत्येक गावच्या वाचनालयात अकरावी-बारावीच्या गणिताचा संध्याकाळचा वर्ग निघावा. इंग्रजी शब्दाशेजारी मराठी शब्द फळ्यावर लिहिला जावा. पगारवाढीसाठी आपण संघटना बांधतो. मुलांच्या गणितासाठीही बांधू या.