धार-देवासमधील घरगुती सौरऊर्जा : वातानुकूलन व तलावाच्या वीजखर्चावर उपाय

माळव्याच्या रात्री पूर्वापार शीतल मानल्या जातात. उन्हाळ्यातील दुपारी मात्र धार आणि देवास येथे पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे वातानुकूलन यंत्राचा वापर मुख्यतः सूर्य तळपत असतानाच वाढतो. छतावरील सौरसंचासाठी ही परिस्थिती अनुकूल आहे.

किती क्षमता हवी? एक किलोवॉटचा संच सरासरी दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतो आणि त्यास अंदाजे १०० चौरस फूट सावलीविरहित छत लागते. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र आठ तास चालल्यास साधारण ८ ते १० युनिट खर्च होतात. म्हणजे ३ किलोवॉटचा संच एका यंत्राचा भार पेलून थोडी वीज शिल्लक ठेवतो. पोहण्याच्या तलावाचा एक अश्वशक्तीचा गाळणपंप सहा तासांत सुमारे ५ युनिट घेतो. तो रात्रीऐवजी सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत चालवणे श्रेयस्कर.

अनुदान. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने'त पहिल्या २ किलोवॉटपर्यंत प्रतिकिलोवॉट ३० हजार व तिसऱ्या किलोवॉटसाठी १८ हजार रुपये, असे कमाल ७८ हजार रुपये केंद्राकडून मिळतात. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करावा लागतो. दोन्ही जिल्ह्यांत जोडणी व नेट मीटरची जबाबदारी इंदूरस्थित मध्य प्रदेश पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे आहे. अनुदानासाठी पॅनेल भारतीय बनावटीचेच असावे लागतात.

मर्यादा. उन्हाळ्यात पॅनेल तापल्याने त्यांची कार्यक्षमता घटते. पावसाळ्यात ढगांमुळे उत्पादन उतरते. नेट मीटरमुळे दिवसाची शिल्लक वीज रात्रीच्या वापरातून वजा होते, परंतु स्थिर आकार भरावाच लागतो. वर्षअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा दर घरगुती दरापेक्षा बराच कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवणे तोट्याचे ठरू शकते. बॅटरीविरहित संच वीजपुरवठा खंडित होताच सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडतो, हेही ध्यानात ठेवावे.

प्रथम बचत. संचाची क्षमता ठरवण्यापूर्वी मागील बारा महिन्यांची देयके तपासावीत. वातानुकूलन यंत्राचे तापमान एक अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. २०२० पासून नव्या यंत्रांचे मूळ तापमान २४ अंश ठेवण्याचा नियम त्यासाठीच झाला. छतावर पांढरा लेप, खिडक्यांना बाहेरून सावली आणि रात्रीच्या गार वाऱ्यासाठी उघडी तावदाने एवढ्यानेही भार हलका होतो. भार जितका कमी, तितका संच लहान आणि गुंतवणुकीची वसुली लवकर.