धावपट्टीचा खर्च कोणी सोसायचा?

मंडळी, कोल्हापूरची धावपट्टी राजाराम महाराजांच्या काळातली, १९३९ची. तेव्हा खर्चाचा प्रश्न दरबारात मिटायचा. आज तो आपल्यापुढे आहे. दिवसाला एक विमान उतरो की दहा, अग्निशमन बंब आणि सुरक्षारक्षक तयार ठेवावेच लागतात. २००९ साली नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबाद, यवतमाळ हे पाच विमानतळ खासगी कंपनीकडे गेले, ९५ वर्षांच्या कराराने. पंच्याण्णव, बरं का! तरी विमानं काही वाढली नाहीत. मग २०१६ची ‘उडान’ योजना. तिच्यात सरकार तूट भरून देतं, पण तीन वर्षंच, आणि तीही विमान कंपनीची. विमानतळाला उलट लँडिंग-पार्किंगच्या पैशांवर पाणी सोडावं लागतं. आपण हे नीट पाहतच नाही. सिंधुदुर्गातल्या चिपीला २०२१च्या ऑक्टोबरात मुंबईचं विमान सुरू झालं, तीन वर्षांनी मुदत संपली, विमान थांबलं. चाकरमानी पुन्हा कोकण रेल्वेच्या रांगेत.