एक्सचा वारसा आणि वेलँडचा विलंब

संगणकाच्या पडद्यावर खिडक्या मांडणे आणि दाबलेली कळ कोणत्या आज्ञावलीकडे जावी हे ठरवणे, ही कामे युनिक्स व पुढे लिनक्स यंत्रांवर सुमारे तीन दशके एक्स या प्रणालीकडे होती. तिचा उगम इ. स. १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे झाला. रॉबर्ट शाइफलर व जिम गेटिस हे तिचे आद्य कर्ते होत. तेथील अथेना प्रकल्पात निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकाच जाळ्यात नांदवायची होती. म्हणून एका यंत्रावर चालणारी आज्ञावली दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर उमटावी, हा गुण एक्सच्या अंगी प्रारंभापासूनच आला. १९८७ साली निघालेली अकरावी आवृत्ती पुढे मुळातून बदललीच नाही. तिच्यावर पुरवण्या तेवढ्या चढत गेल्या.

या रचनेत परस्परविश्वास गृहीत धरलेला होता. पडद्याशी जोडलेली कोणतीही आज्ञावली इतरांच्या खिडक्यांचे चित्र टिपू शके, टंकलेला परवलीचा शब्दही वाचू शके. शिवाय अनेक खिडक्यांतून एक अखंड चित्र रचण्याचे काम कालांतराने स्वतंत्र आज्ञावलीकडे गेल्यावर एक्स हा बहुतांशी मध्यस्थच उरला. हा मध्यस्थ वगळण्यासाठी क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ साली वेलँडचा आरंभ केला. (हे नाव मॅसॅच्युसेट्समधील एका गावाचे आहे.)

वेलँडची १.० आवृत्ती २०१२ मध्ये आली. फेडोराने २०१६ मध्ये तिला पहिले स्थान दिले. उबुंटूने २०१७ मध्ये ती स्वीकारली आणि २०१८ मध्ये पुन्हा एक्सकडे धाव घेतली. या माघारीचे व एकंदर विलंबाचे खापर बहुधा एनव्हिडियाच्या चालकांवर फोडले जाते. ते निराधार नाही. तथापि अपुरे आहे. एक्सचा जो उघडा दरवाजा दोष म्हणून गणला गेला, त्यातूनच कित्येक उपयुक्त साधने ये-जा करीत होती : दूरस्थ नियंत्रण, पडद्याचे चित्रण, सर्वत्र लागू होणाऱ्या कळजोड्या. दरवाजा बंद होताच प्रत्येकासाठी परवानगीची नवी वाट बांधावी लागली. त्यातही वेलँड हा केवळ संकेतांचा करार असल्याने ग्नोम व के.डी.ई. यांनी आपापली अंमलबजावणी लिहिली, आणि एकमतास वर्षे लागली.

सर्वाधिक झळ दृष्टिहीनांना बसली. ऑर्का हे पडदा वाचून दाखवणारे साधन, कोणत्याही खिडकीत दाबलेली आपली कळ ओळखू शकले तरच उपयोगी पडते. वेलँडने नेमके तेच निषिद्ध केले होते. ग्नोममध्ये या अडचणीवर समाधानकारक तोड २०२५ च्या ४८ व्या आवृत्तीत निघाली. इतरांच्या सुरक्षिततेची किंमत या वर्गाने मोजली, याची नोंद स्थित्यंतराच्या इतिहासात क्वचितच आढळते.

त्याच वर्षी रेड हॅटने आपल्या दहाव्या एंटरप्राइझ आवृत्तीतून एक्सचा सेवक वगळला. मात्र जुन्या आज्ञावल्यांसाठी एक्सवेलँड हा दुभाषा तेथे कायम ठेवला आहे.