वजन, समलैंगिक स्त्रिया आणि वैद्यकशास्त्र : थोडा इतिहास

"वजन वाढलंय? लग्न झालं की सगळं नीट होईल." भिवापूरसारख्या गावात हा सल्ला अनेक मुलींना ऐकावा लागतो. जिला स्त्रीचंच आकर्षण आहे, ती असा सल्ला ऐकल्यावर पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. यामागचा इतिहास समजून घेऊया.

वैद्यकशास्त्र बरीच वर्षे समलैंगिकतेला आजार मानत होते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये तिला आजारांच्या यादीतून काढले. आपल्याकडे १८६० च्या दंडविधानातील कलम ३७७ ची भीती २०१८ पर्यंत राहिली. त्या भीतीच्या काळातच, १९९५ मध्ये, मुंबईत 'स्त्री संगम' (नंतरचे 'लेबिया') हा स्त्रियांचा गट उभा राहिला.

या स्त्रियांच्या आरोग्याकडे संशोधकांचे लक्ष उशिरा गेले. अमेरिकेत १९९९ मध्ये त्यावर स्वतंत्र अहवाल आला. २००७ च्या एका अभ्यासात समलैंगिक स्त्रियांमध्ये जास्त वजनाचे प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा लक्षणीय आढळले. आकर्षणामुळे चरबी वाढत नाही. पण सतत लपवण्याचा ताण झोप बिघडवतो, अवेळी खायला लावतो आणि तपासण्या टाळायला लावतो. म्हणूनच तिथे पुढे चाळिशीपुढील अशा स्त्रियांसाठी खास उपक्रम झाले. त्यांत आहार आणि व्यायामाबरोबर मैत्रिणींच्या गटाची साथही होती.

तुम्ही काय कराल?

भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हा. स्त्रियांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत हवी. ज्वारीची भाकरी, वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी हे आपले रोजचे जेवण उत्तमच आहे. भिवापुरी मिरचीने वजन वाढत नाही, तर्रीवरच्या तेलाने वाढते! आठवड्याला १५० मिनिटे भरभर चाला, शक्यतो विश्वासातल्या मैत्रिणीसोबत. तिशीनंतर सरकारी दवाखान्यात बीपी आणि साखर मोफत तपासून घ्या.

तुमचे आकर्षण डॉक्टरांना सांगायचे की नाही, हे तुम्हीच ठरवा. पण कुणी ते 'बदलून देतो' म्हणाले, तर लक्षात ठेवा : राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार डॉक्टरांचे गैरवर्तन ठरवले आहेत. उपचार वाढलेल्या साखरेवर, रक्तदाबावर करायचे असतात, तुमच्या प्रेमावर नाही.