वाक्प्रचारांच्या दोन वाटा : जुना जालना आणि इंग्रजी वळण

इंग्रजी वाक्प्रचारांना मराठी लेखनात कोणत्या रूपात स्थान द्यावे, हा वाद विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने (1874) धारदार केला. इंग्रजाळलेल्या मराठीवर प्रहार करणाऱ्या शास्त्रीबोवांचा निबंध स्वतः मेकॉले-जॉन्सन यांच्या वाचनावर पोसला होता, हा त्यातील अंतर्विरोध. मात्र हा इतिहास पुणे-मुंबईपुरता मांडला की कुंडलिकाकाठचा जुना जालना त्यातून निसटतो.

हा परिसर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. 1884 पासून राज्यकारभाराची भाषा उर्दू. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू, आणि इंग्रजी हा अनिवार्य विषय. त्यामुळे येथील सुशिक्षित मराठी वाचकासमोर एकच इंग्रजी प्रतिमा दोन वाटांनी येई : मराठी ग्रंथांतून ‘प्रकाश टाकणे’, उर्दू ग्रंथांतून ‘रोशनी डालना’. पहिला प्रयोग समीक्षेच्या परिभाषेत निमूटपणे रुळला. उर्दूच्या सहवासात घडलेली मराठी मात्र सदोष मानली गेली. हा निवाडा व्याकरणाचा नव्हे, प्रतिष्ठेचा होय.

‘भूमिका बजावणे’ या प्रयोगात नाम संस्कृत, क्रियापद फारसी मूळचे आणि जुळणी इंग्रजी वळणाची आहे. तरीही तो मराठीत टिकला; कारण ‘हुकूम बजावणे’, ‘चाकरी बजावणे’ या रचनांनी त्याची जागा आधीच तयार केली होती. तेव्हा वाक्प्रचाराची शुद्धता त्याच्या उगमावरून ठरत नाही. मराठी क्रियापद त्याचा भार पेलते की नाही, यावरून ठरते. हा निकष मान्य केला, तर जुन्या जालन्याची भाषा अपवाद न राहता मराठी गद्याच्या इतिहासाचा पुरावा ठरते.