हळदीचे पेटंट आणि छापील पुरावा

जखमेवर हळद दाबावी, हे सांगलीच्या पेठेपासून चंडीमंदिरच्या छावणीपर्यंत कोणालाही शिकवावे लागत नाही. तरीही २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने नेमक्या याच उपयोगासाठी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ५४०१५०४ क्रमांकाचे पेटंट दिले. विशेष म्हणजे, दोन्ही संशोधक भारतीय वंशाचे होते.

परीक्षकाच्या अज्ञानाला हसणे सोपे आहे. खरी मेख कायद्यात होती. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार एखादी गोष्ट परदेशात केवळ वापरात असणे नावीन्याच्या आड येत नसे. ती पेटंटात किंवा छापील प्रकाशनात नोंदलेली असावी लागे. कोट्यवधी घरांतील नित्याचा व्यवहार पुरावा म्हणून शून्य, आणि नियतकालिकातील एखादे पान पुरेसे! (ही अट २०१३ मध्ये लागू झालेल्या सुधारणेने गेली.)

म्हणून वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची लढाई प्रयोगशाळेत नव्हे, ग्रंथालयात झाली. रघुनाथ माशेलकर तेव्हा महासंचालक होते. परिषदेने १९९६ मध्ये फेरतपासणी मागितली आणि संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतील उताऱ्यांसह ३२ संदर्भ सादर केले. त्यांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये कार्यालयाने सर्व सहा दावे फेटाळले.

या विजयाचा अर्थ मात्र पुष्कळदा भलताच लावला जातो. हळदीने जखम भरते, हे त्यातून सिद्ध झाले नाही. दावा नवा नाही, एवढेच ठरले. गुणाचा प्रश्न निराळा आणि अवघड आहे. हळदीला पिवळा रंग देणारा कर्क्युमिन हा रेणू निळा प्रकाश शोषतो, स्वतः चमकतो आणि अनेक प्रथिनांना चिकटतो. त्यामुळे प्रयोगशाळेतील चाचण्यांत तो फसवे होकार देतो. १२० हून अधिक वैद्यकीय चाचण्यांनंतरही दुहेरी-अंध, नियंत्रित पद्धतीची एकही यशस्वी ठरलेली नाही, असे २०१७ च्या एका गाजलेल्या समीक्षेने नोंदवले. 'पी हळद, हो गोरी' ही म्हण पूरक गोळ्यांच्या जाहिरातदारांनी वाचावी!

परिषदेने २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम हाती घेतले. त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानीत उतरवून परीक्षकांपुढे ठेवले गेले. पण त्याचा मुख्य आधार ग्रंथच. सह्याद्रीच्या पाड्यांवर जे केवळ तोंडी सांगितले जाते, त्याची नोंद कोणी आणि कोणाच्या संमतीने करायची, हा प्रश्न अद्याप तसाच आहे.