पाऱ्याचा तापमापक

पाऱ्याचा तापमापक हे काचेच्या बंद केशनलिकेतील पाऱ्याच्या प्रसरणावरून तापमान दर्शवणारे उपकरण आहे. नळीच्या तळाशी पाऱ्याने भरलेला पातळ काचेचा फुगा असतो. उष्णतेने पारा काचेपेक्षा अधिक प्रसरण पावतो व त्याचा स्तंभ नळीत वर चढतो. असा तापमापक डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट यांनी इ.स. १७१४ मध्ये तयार केला. मराठीत ‘पारा चढला’, ‘पारा घसरला’ हे वाक्प्रयोग याच स्तंभावरून रूढ झाले.

पाऱ्याची निवड

पारा सुमारे −३९° से. ला गोठतो आणि ३५७° से. ला उकळतो. त्यामुळे नेहमीच्या वापरातील बहुतेक तापमानांना तो द्रवरूपच राहतो. पाणी या कामी निरुपयोगी आहे. ते ०° से. ला गोठते, शिवाय ०° ते ४° से. दरम्यान तापवल्यास आकुंचन पावते; परिणामी स्तंभाची एकच उंची दोन भिन्न तापमाने दर्शवू शकते.

केवळ प्रसरण पाहिले तर अल्कोहोल सरस ठरते, कारण ते पाऱ्याच्या सुमारे सहापट प्रसरण पावते. परंतु पाऱ्याचे प्रसरण बरेच एकसमान असते, म्हणून दोन स्थिर बिंदूंमधील अंतराचे सारखे भाग पाडून मापनश्रेणी आखता येते. पारा काचेला चिकटत नाही. अल्कोहोलचा स्तंभ उतरताना नळीच्या भिंतीवर पातळ थर मागे राहतो आणि वाचन प्रत्यक्षापेक्षा कमी येते. पारा चकाकणारा व अपारदर्शक असल्याने त्याला रंग देण्याचीही गरज नसते.

पाऱ्याची विशिष्ट उष्णता कमी असल्याने तो लवकर तापतो, असे कारण पाठ्यपुस्तकांत हमखास आढळते. ते अपुरे आहे. पाऱ्याची घनता पाण्याच्या साडेतेरापट असल्याने, समान आकारमानाचा पारा व अल्कोहोल एक अंशाने तापवण्यास जवळजवळ सारखीच उष्णता लागते. पारा तापमानातील बदलाला चटकन प्रतिसाद देतो तो मुख्यतः धातू म्हणून असलेल्या उत्तम उष्णतावाहकतेमुळे.

वैद्यकीय तापमापक

टॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी १८६६ मध्ये सुमारे १५ सेंमी. लांबीचा सुटसुटीत वैद्यकीय तापमापक तयार केला. या प्रकारात फुग्याच्या वर नळी अतिशय अरुंद केलेली असते. शरीरापासून दूर नेल्यावर पारा आकुंचन पावतो, पण स्तंभ तेथे तुटून वरच राहतो. म्हणूनच पुन्हा वापरण्यापूर्वी तापमापक झटकावा लागतो.

विषारीपणा व पर्याय

काच फुटल्यास सांडलेल्या पाऱ्याची वाफ श्वासावाटे शरीरात जाते. ती मज्जासंस्थेस व मूत्रपिंडांस घातक असते. तमिळनाडूतील कोडईकनाल येथील तापमापकांचा कारखाना पाऱ्याच्या प्रदूषणामुळे २००१ मध्ये बंद झाला. २०१३ च्या मिनामाता करारात पारायुक्त तापमापकांचे उत्पादन व व्यापार काही अपवाद वगळता २०२० पर्यंत थांबवण्याची तरतूद झाली. भारताने २०१८ मध्ये या करारास अनुसमर्थन दिले.

आता अंकीय तापमापक सर्वत्र दिसतात. काचेच्या काही तापमापकांत गॅलियम, इंडियम व कथिल यांचा द्रवरूप मिश्रधातू वापरतात. तो मात्र काचेला चिकटतो, म्हणून नळीला आतून गॅलियम ऑक्साइडचा लेप द्यावा लागतो.